निमंत्रण देऊन आणलेले सैन्य : ब्रह्मदेशाच्या लोकशाहीचा एक अभ्यास

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या भोजनानंतर नेहमीप्रमाणे चर्चा रंगली. कुणाच्या गावची नळयोजना उद्घाटनानंतर दुसऱ्याच महिन्यात बंद पडली होती. कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडकून पडली होती. कुणाला जातपडताळणीच्या कार्यालयात सात खेपा घालाव्या लागल्या होत्या. अखेरीस एक बंधू वैतागून म्हणाले, "दहा वर्षे हा देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होईल." मंडपात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आमचेही हात होते, हे मान्य केले पाहिजे. गप्प होते ते फक्त एक जण. याच विद्यालयात शिकून पुढे वीस वर्षे सैन्यात सेवा केलेले ते निवृत्त हवालदार होते. ते एवढेच म्हणाले, "आम्हांला हुकूम पाळायला शिकवतात. रेशनच्या रांगेतल्या बाईचे गाऱ्हाणे ऐकायला कुणी शिकवत नाही."

विषय तेथेच थांबला. परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने अभ्यासपर लेख मागितला, तेव्हा आम्ही हाच प्रश्न हाती घ्यावयाचे ठरविले. नागरी सरकारचा कारभार बिघडला म्हणजे लष्कर सत्ता घेते, असे सर्रास मानले जाते. लष्करशहा स्वतःही तेच कारण सांगतात. यात तथ्य किती आणि सबब किती, हे पाहण्यासाठी आम्ही ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, उदाहरण निवडले आहे.

ते निवडण्यास कारणे आहेत. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्या देशाचा शेवटचा राजा थिबा याने आपल्या आयुष्याची अखेरची तीस वर्षे रत्नागिरीत नजरकैदेत काढली आणि १९१६ मध्ये तेथेच देह ठेवला. लोकमान्य टिळकांनी सहा वर्षांचा कारावास मंडालेत भोगला. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला गेले होते, तेव्हा तेथे सहावी धम्मसंगीती चालू होती आणि ती भरविणारे पंतप्रधान ऊ नू हे जगभरच्या बौद्धांच्या कौतुकाचा विषय होते. म्हणजे ही गोष्ट आपण परक्यांची म्हणून बाजूला सारू शकत नाही. ती बौद्ध देशाची, बौद्ध पंतप्रधानाची आणि बौद्ध सेनापतीची गोष्ट आहे. ती सांगताना आपल्याला अवघड वाटेल असे काही आले, तर तेही सांगितले पाहिजे.

स्वतंत्र ब्रह्मदेशाचा जन्मच रक्तात झाला. १९ जुलै १९४७ रोजी आंग सान आणि त्यांचे अनेक सहकारी मंत्रिमंडळाच्या बैठकीत गोळ्या घालून मारले गेले. ज्यांच्या शब्दाला करेन, शान, काचिन अशा सर्व समाजांत थोडेफार वजन होते, तो एकमेव नेता वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. पंतप्रधानपद ऊ नूंकडे आले. ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, ४ जानेवारी १९४८ च्या पहाटे, देश स्वतंत्र झाला. तीन महिने होतात न होतात तोच कम्युनिस्टांनी बंड केले. त्यामागोमाग स्वातंत्र्यलढ्यातील स्वयंसेवकांची दले उठली, सैन्याच्या काही पलटणी बंडखोरांना मिळाल्या आणि जानेवारी १९४९ मध्ये करेनांनी शस्त्र उचलले. मंडाले हातचे गेले. राजधानीच्या वेशीवरचे इन्सेन महिनोन्‌महिने बंडखोरांच्या ताब्यात राहिले. परदेशी वार्ताहर या सरकारला थट्टेने 'रंगून सरकार' म्हणू लागले, कारण त्याचा अंमल शहराबाहेर फारसा चालत नव्हता. भारताने त्या वेळी शस्त्रे पुरवली, तीही त्याच्या उपयोगी पडली.

सरकार वाचले, परंतु ते सैन्याने वाचविले. करेन असलेले सरसेनापती स्मिथ डन यांना दूर करून ने विन यांच्या हाती सैन्य देण्यात आले. पुढे चीनमधून पळालेल्या कुओमिंतांगच्या फौजा शान प्रदेशात शिरल्या, तेव्हा लढाईचा आणखी एक मोर्चा उघडला. अशा दहा वर्षांत सैन्याच्या मनात एक समजूत घट्ट झाली : देश आम्ही राखला, पुढाऱ्यांनी तो गमावला. ही समजूत सर्वस्वी खोटी नव्हती, म्हणूनच ती धोक्याची ठरली.

आता कारभाराकडे वळू. युद्धापूर्वी ब्रह्मदेश वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ बाहेर पाठवीत असे; जगात त्याच्याइतका तांदूळ विकणारा देश दुसरा नव्हता. १९५२ मध्ये सरकारने 'प्यिदॉथा' नावाची कल्याणकारी योजना आखली. प्रत्येक कुटुंबाला घर, मोटार आणि पुरेसे उत्पन्न अशी स्वप्ने तीत होती. तिचा सारा हिशेब कोरियन युद्धामुळे चढलेल्या तांदळाच्या भावावर बेतला होता. युद्ध थांबले, भाव कोसळले. भाव पुन्हा चढेल या आशेने सरकारी मंडळाने साठविलेल्या तांदळाचा बराच भाग गोदामांत खराब झाला. शेतकऱ्याला ठरलेला कमी भाव मिळत राहिला आणि मधला फरक सरकारच्या तिजोरीत गेला. या निर्णयांमागे सदैव दुष्ट हेतू होता असे नव्हे. अननुभव होता, घाई होती आणि कागदावरचे आकडे तपासून पाहणारे कुणी नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांत मात्र चित्र अधिक काळे होते. तेथे सत्ताधारी पक्षाचे स्थानिक पुढारी स्वतःची हत्यारबंद टोळकी बाळगून होते. परवाने, कंत्राटे, शेतकर्जे त्यांच्या मर्जीने वाटली जात. फिर्याद नोंदवायची तर ज्याच्याविरुद्ध ती नोंदवायची, त्याच्याच माणसाकडे जावे लागे.

याच काळात सैन्य काय करीत होते, हा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. १९५१ मध्ये सैनिकांना स्वस्तात जिन्नस मिळावेत म्हणून संरक्षणदलाची एक संस्था निघाली. नागरी कारभार जसजसा पोकळ होत गेला, तसतशी ती फुगत गेली. १९६० पर्यंत बँक, जहाज वाहतूक, आयात-निर्यात आणि मोठी दुकाने अशा नाना व्यवसायांत शिरलेली ती देशातील सर्वांत मोठी व्यापारी संस्था बनली होती. म्हणजे सत्ता हाती घेण्यापूर्वीच सैन्याजवळ स्वतःचा पैसा, स्वतःची शाळा आणि स्वतःची बाजारपेठ होती. देशात एक सरकार दुबळे होत होते आणि शेजारी दुसरे आकार घेत होते, एवढेच की त्याला अजून कुणी सरकार म्हणत नव्हते.

१९५८ साली सत्ताधारी फॅसिस्टविरोधी जनस्वातंत्र्य संघ फुटला. एका बाजूस ऊ नू आणि ठाकिन टिन, दुसऱ्या बाजूस बा स्वे आणि चॉ न्येन. पहिल्या गटाने स्वतःस 'स्वच्छ' म्हणविले, दुसऱ्याने 'स्थिर'. (नावे निवडण्यात पुढारी कोठलेही असोत, कमी पडत नाहीत.) धोरणात म्हणावा असा फरक नव्हता, भांडण पदांचे आणि माणसांचे होते. जून महिन्यात अविश्वासाच्या ठरावावर ऊ नू १२७ विरुद्ध ११९, म्हणजे अवघ्या आठ मतांनी वाचले. तीही मते डाव्या आघाडीच्या आणि सरहद्दीवरील समाजांच्या प्रतिनिधींची होती. त्यानंतर अंदाजपत्रक संसदेपुढे न ठेवता अध्यादेशाने काढण्यात आले. संसदेला सामोरे जाण्याचे टाळण्याची ही पायरी वरकरणी लहान दिसते. आमच्या मते दाराची कडी निघाली ती येथे.

महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींचा प्रसंग या विद्यालयात प्रत्येक पिढीने अभ्यासला आहे. अजातशत्रूचा अमात्य वस्सकार जेव्हा विचारावयास येतो, तेव्हा तथागत वज्जींच्या भिंती किती उंच किंवा सेना किती मोठी हे सांगत नाहीत. ते वारंवार एकत्र जमतात का, एकदिलाने निर्णय करतात का, रूढ नियम मोडीत काढीत नाहीत ना, ज्येष्ठांचा मान राखतात का, स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना, हे आनंदाला विचारतात. पुढची हकीगत अट्ठकथेत येते. वस्सकार वैशालीत राहून तीन वर्षांत लिच्छवींमध्ये एकमेकांविषयी संशय पेरतो आणि शेवटी संकटाची भेरी वाजते तेव्हा कुणीही सभागृहाकडे येत नाही. १९५८ च्या रंगूनमध्ये बाहेरचा वस्सकार लागलाच नाही, ते काम घरच्यांनीच केले.

सप्टेंबरमध्ये अफवा पसरल्या की, मोर्चांवरील सेनाधिकारी रंगूनवर चालून येणार. आंग जी आणि माँग माँग हे दोन कर्नल ऊ नूंकडे गेले आणि सेनापतींना आपणच सत्ता सोपवावी असे त्यांना पटवून आले. २६ सप्टेंबर रोजी ऊ नूंनी तसे जाहीर केले आणि २८ ऑक्टोबरला संसदेने ने विन यांना रीतसर पंतप्रधान निवडले. एकही गोळी झाडली गेली नाही. कागदोपत्री हे सत्तांतर घटनेला धरून होते. परंतु दारात हत्यारबंद मनुष्य उभा असताना दिलेल्या निमंत्रणाला निमंत्रण म्हणावे काय, हे वाचकांनी ठरवावे. याच ऑक्टोबरात पाकिस्तानातही लष्करी राजवट आली. तेथे लियाकत अलींच्या हत्येनंतरच्या सात वर्षांत सहा पंतप्रधान झाले होते आणि सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नव्हती.

'काळजीवाहू' म्हणविणाऱ्या ने विन सरकारने अठरा महिन्यांत पुष्कळ कामे केली, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. रंगूनचे रस्ते झाडले गेले, भटकी कुत्री मारली गेली, जिनसांचे भाव काही काळ उतरले, पुढाऱ्यांची हत्यारबंद टोळकी मोडली. शहरातील झोपड्यांमधून दीड लाखांहून अधिक माणसांना उचलून ओक्कलापा, ताकेता अशा नव्या वसाहतींत नेऊन टाकण्यात आले. सरकारने आपल्या कामगिरीचे भले मोठे पुस्तकही छापले. बाहेरच्या पाहुण्यांना हे सारे फार आवडले. आपल्या मेळाव्यातील टाळ्या याच स्वच्छतेला होत्या.

मग फेब्रुवारी १९६० मध्ये निवडणूक झाली. सैन्याचा कल 'स्थिर' गटाकडे होता, हे उघड गुपित होते. लोकांनी ऊ नूंच्या 'स्वच्छ' गटाला प्रचंड बहुमत दिले. झोपडीतून हलविलेला मनुष्य रस्ता झाडलेला पाहतो, तसेच आपल्याला कुणी विचारले नव्हते हेही लक्षात ठेवतो. हा निकाल आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. गैरकारभाराला सर्वांत जास्त कंटाळलेला तोच मतदार होता; तरीही त्याने सैन्याचा आवडता पक्ष नाकारला. 'लोकांनाच लष्कर हवे होते' हे विधान ब्रह्मदेशाबाबत टिकत नाही. सैन्यानेही निकाल मानला आणि एप्रिलमध्ये सत्ता परत केली, हेही खरेच. परंतु राज्य करून पाहिलेल्या सेनाधिकाऱ्यांचा राज्य करण्याविषयीचा संकोच एकदा गेला, तो परत आला नाही.

आता अवघड भागाकडे येतो. ऊ नू वैयक्तिक जीवनात शीलवान होते, यात शंका नाही. त्यांनी १९६० ची निवडणूक लढविली ती मात्र बौद्ध धम्माला राज्यधर्म करण्याचे वचन देऊन. त्यांच्या पक्षाच्या मतपेट्यांचा रंगही चीवराचा पिवळा होता. धर्म राजकारणात मिसळू नये, असे आंग सान यांचे मत होते आणि १९४७ च्या घटनेने धम्माला बहुसंख्यांचा धर्म म्हणून विशेष स्थान दिले तरी इतर धर्मांनाही मान्यता दिली होती. ऑगस्ट १९६१ मध्ये राज्यधर्माची घटनादुरुस्ती संमत झाली. बहुसंख्येने ख्रिस्ती असलेल्या काचिनांत त्यापूर्वीच खळबळ होती. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांची सशस्त्र संघटना उभी राहिली. अल्पसंख्यांना धीर यावा म्हणून सरकारने धर्मस्वातंत्र्य राखणारी आणखी एक दुरुस्ती आणली, तर काही भिक्खूच तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरात ओक्कलापा भागात मशिदी जाळल्या गेल्या. ज्या धम्मात कुणावर मत लादणे नाही, त्याच्या नावाने हे घडले. मते मिळविण्यासाठी धम्म वापरणे हाही गैरकारभारच होय, आणि तो सडक्या तांदळापेक्षा अधिक महाग पडला.

दुसरा पेच संघराज्याचा होता. शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर बाहेर पडण्याचा हक्क १९४७ च्या घटनेनेच दिला होता. ती मुदत १९५८ मध्ये पुरी झाली. १९५९ मध्ये काळजीवाहू सरकारच्या अमलात शान सरदारांचे वंशपरंपरागत अधिकार संपले. शान प्रदेशात वावरणाऱ्या सैन्याच्या वागणुकीबद्दल तेथील जनतेत कडवटपणा साठला होता. शान नेत्यांनी फुटून जाण्याऐवजी खऱ्या अर्थाने संघराज्य करा, अशी मागणी पुढे केली. ऊ नूंनी फेब्रुवारी १९६२ मध्ये तिच्यावर चर्चासत्र बोलाविले. नागरी सरकारने उशिरा का होईना, बोलून मार्ग काढण्याचा यत्न केला, तो हाच. तो चालू असतानाच २ मार्च १९६२ च्या पहाटे सैन्याने पंतप्रधान, मंत्री, सरन्यायाधीश आणि शान नेते यांना घरांतून उचलले. पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक यांच्या घरी त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मरण पावला. स्वतः थाइक त्याच वर्षी कैदेत वारले. आंग जी यांनी पत्रकारांपुढे आर्थिक, धार्मिक व राजकीय अडचणींचा पाढा वाचला आणि संघराज्याचा प्रश्न हे मुख्य कारण सांगितले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. इंग्लंडमधील अभ्यासक एस. ई. फायनर यांनी लष्कर आणि राजकारण यांच्या संबंधावर आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याच १९६२ साली प्रकाशित केला. त्यांनी सैन्याची संधी आणि सैन्याची इच्छा अशा दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दुबळे, परस्परांत भांडणारे, संसद टाळणारे नागरी सरकार संधी देते. इच्छा मात्र बराकीत तयार होते : आपणच राष्ट्र आहोत ही समजूत, स्वतःचे आर्थिक हितसंबंध, आणि पुढारी तडजोड करतील ही भीती. १९५८ मध्ये संधी मोठी होती आणि इच्छा अर्धवट. १९६२ मध्ये उलट होते. सरकारला प्रचंड बहुमत होते, निवडणूक होऊन दोनच वर्षे झाली होती, राज्य कोसळत नव्हते. पक्षांतर्गत भांडणे होती हे खरे, पण ती संसदेत निपटण्याजोगी होती. तरीही सत्ता घेतली गेली. म्हणून कारभार वाईट तर लष्कर येते, हे सूत्र अपुरे आहे. वाईट कारभाराने दार उघडे राहते. कोण आत येतो आणि का, याचे उत्तर दारात मिळत नाही.

आणि आत आल्यावर कारभार कसा झाला? जुलै १९६२ मध्ये रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडविण्यात आली. बँका, व्यापार, साधी दुकानेसुद्धा सरकारजमा झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले सुमारे तीन लाख भारतीय नेसत्या वस्त्रांनिशी परतले. ज्या देशाने जगाला तांदूळ पुरविला, त्याची निर्यात दशकाच्या अखेरीस काही लाख टनांवर आली. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ च्यातच्या नोटा मोबदल्याविना रद्द झाल्या. त्यांच्याऐवजी ४५ आणि ९० च्यातच्या नोटा निघाल्या, कारण नऊ हा आकडा ने विन यांना शुभ वाटे. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ब्रह्मदेशाची गणना अत्यल्प विकसित देशांत केली. पाच-पाच वर्षांनी सरकार बदलता आले असते, तर इतकी मोठी चूक इतकी वर्षे चालू राहिली नसती. ऊ नूंच्या चुका मोजता येतात, कारण त्यांच्या काळी वृत्तपत्रे होती. पुढच्या चुका मोजणारेच तुरुंगात होते.

आपल्याकडे असे का झाले नाही, असे विद्यार्थी विचारतात. भारतातही भ्रष्टाचार होता, अन्नटंचाई होती, पक्षफूट होती. परंतु वेगवेगळ्या प्रांतांत आणि समाजांत रुजलेला पक्ष होता, ठरल्या वेळी निवडणुका होत होत्या आणि सैन्याचे अधिकार विचारपूर्वक विभागले गेले. १९५५ मध्ये तर 'कमांडर-इन-चीफ' हे पदनामच बंद करण्यात आले. सेनापतींचे दिल्लीतील निवासस्थान आधीच पंतप्रधानांकडे गेले होते. अर्थात हुकूमशाहीला गणवेश लागतोच असे नाही, हे १९७५ मध्ये आपणही पाहिले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत याच दिशेने सावध केले होते. कितीही थोर पुरुष असो, त्याच्या चरणी स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणात भक्ती आणू नका, असे त्यांनी बजावले. त्याच भाषणात भिक्खुसंघाच्या सभांत प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम होते, याचीही त्यांनी आठवण करून दिली. संसदेचे हे नियम आपल्याला परके नाहीत आणि एकदा आपण ते हरवले होते, असे त्यांना सांगावयाचे होते. पाच वर्षांनी ते रंगूनला गेले, तेव्हा तेथील संसदेला अजून सात वर्षे उरली होती.

त्या हवालदारांना आम्ही हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली. 'सैन्याने सत्ता घेतली' असे सरसकट लिहू नका, म्हणाले. शिपायाला कुणी विचारले नव्हते, सेनाधिकाऱ्यांनी घेतली असे लिहा. आम्ही मूळ मजकूर तसाच ठेवला आहे, परंतु वाचताना ही दुरुस्ती ध्यानात ठेवावी.

ऊ नूंची हकीगत तेवढी सांगावयाची राहिली. काही वर्षे कैद, मग परदेशात राहून सशस्त्र लढ्याचा फसलेला प्रयत्न, मग भारतात वास्तव्य, मग मायदेशी परतून पालि ग्रंथांच्या भाषांतराचे काम. १९८८ मध्ये देशभर लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा हा ८१ वर्षांचा वृद्ध पुढे आला आणि त्याने जाहीर केले की, १९६० च्या निवडणुकीने निवडलेला कायदेशीर पंतप्रधान आजही आपणच आहोत. पुष्कळांना हसू आले. १८ सप्टेंबरला सैन्याने पुन्हा सत्ता घेतली; ऊ नूंना पुढे नजरकैदेत ठेवण्यात आले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये रंगूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा तो दावा कोणत्याही न्यायालयापुढे कधी आला नाही.